पाटी आणि वही

उज्जयिनीचे नाव काढताच महाकालेश्वराचे ज्योतिर्लिंग, कालिदासाच्या 'मेघदूता'तील शिप्रा नदी आणि विक्रमादित्याच्या कथा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु ज्याचे आयुष्य शिक्षकाच्या पेशात चालले आहे त्याला त्या नगरीत आणखी एक तीर्थ आहे. मंगलनाथाच्या वाटेवर सांदीपनी ऋषींचा आश्रम दाखवितात. श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा यांनी येथे विद्या संपादन केली अशी श्रद्धा आहे. दोघा भावांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्याचे भागवतात सांगितले आहे. आश्रमाच्या या परिसराला 'अंकपात' असे नाव आहे. श्रीकृष्ण आपली पाटी येथे धूत असे, म्हणून हे नाव पडले असे लोक सांगतात. जवळच गोमती कुंड आहे आणि १ पासून १०० पर्यंतचे आकडे कोरलेली एक शिळाही दाखविली जाते. ते आकडे स्वतः सांदीपनींनी कोरले अशी समजूत आहे.

कथेच्या खरेखोटेपणाच्या वादात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आम्हांस कौतुक वाटले ते एवढ्याच गोष्टीचे की, देवाने पहिले अक्षर कोठे गिरविले ती जागा लोकांनी तीर्थ म्हणून जपली नाही. त्याने पाटी कोठे धुतली ती जागा जपली. एका बाजूस धुऊन जाणारी पाटी आणि दुसऱ्या बाजूस कायमची कोरलेली शिळा, ही जोडी आमच्या मनात घर करून राहिली. पुढे त्याच नगरीत आठ-दहा दिवस राहिल्यावर तिचा अर्थ आम्हांस अधिक उलगडला. तोच येथे सांगण्याचे योजिले आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या धाकट्या बहिणीकडे उज्जयिनीस गेलो होतो. मेहुण्यांची नोकरी बदलीची. दोन वर्षांत त्यांची तीन गावे झाली. त्यांची एकुलती एक मुलगी सात वर्षांची आहे. दर बदलीला नवी शाळा, नवी भाषा, नवे सोबती आणि पुन्हा रडारड. तेव्हा एका ठिकाणी स्थिर होईपर्यंत तिला घरीच शिकवावे असे त्या उभयतांनी ठरविले. आम्ही पडलो शाळेचे सेवक. मूल शाळेत जावे, चार मुलांत बसावे, मधल्या सुट्टीत डबा वाटून खावा, हेच आमचे मत. तथापि दुसऱ्याच्या संसारातील अडचण बाहेरून जेवढी सोपी दिसते तेवढी ती नसते, हेही आम्ही जाणतो. म्हणून मत मनातच ठेवून आम्ही त्यांची घरची शाळा पाहू लागलो.

ही शाळा एका पेटीतून आली होती. वर्षभराचा सगळा अभ्यासक्रम एका खोक्यात बांधून घरपोच पाठविण्याची सोय आता झाली आहे. त्या पेटीत छत्तीस आठवड्यांचे वेळापत्रक होते. वाचनाची, गणिताची पुस्तके होती. तीन धारांच्या जाड पेन्सिली होत्या. आणि आईने कोणत्या दिवशी कोणते वाक्य उच्चारावे हेसुद्धा सांगणारी एक मार्गदर्शिका होती. पेटीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या आईने कधी वर्गाच्या फळ्यापुढे उभे राहून शिकविलेले नाही, तिला असा आखीव क्रम हाताशी असला म्हणजे धीर येतो. गणिताचा भाग तर आम्हांस फार आवडला. रडकथा होती ती सुलेखनाची.

सकाळी नऊ वाजता सुलेखनाची पुस्तिका उघडे आणि घराचे हवामान पालटे. मुलगी पेन्सिल एवढी घट्ट धरी की तिच्या बोटांची पेरे पांढरी पडत. चार अक्षरे झाली की पाणी, सहा झाली की पोटदुखी, आठ झाली की अश्रू. आई आधी समजावी, मग रागावे, मग स्वतःच डोळे पुशी. एका सकाळी ती आम्हांस म्हणाली, "दादा, शाळेतल्या मुलाला मास्तर रागावले तर घरी येऊन आईच्या कुशीत शिरता येते. हिने कोठे जावे? नऊ वाजले की मी हिची आई राहत नाही." मेहुणे व्यवहारी. ते म्हणाले, "आता हाताने लिहितो कोण? कळफलक शिकव आणि हा तंटा मिटव." दोघांचेही बोलणे मनापासूनचे होते. प्रश्न केवळ वळणदार अक्षराचा राहिला नव्हता. मायलेकींच्या नात्याला त्याची झळ लागू लागली होती.

आम्ही दोन दिवस काही न बोलता नुसते पाहिले. पुस्तिकेत अक्षरे ठिपक्यांनी छापलेली होती आणि मुलीने ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायची होती. ते ती बरे करी. परंतु तेच अक्षर कोऱ्या कागदावर काढ म्हटले की तिचा हात थबके. तिचे डोळे पुढचा ठिपका शोधीत असत. सगळे अक्षर तिने कधी मनात धरलेच नव्हते. या बाबतीत एक संशोधन ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली ते प्रसिद्ध केले. अजून वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी काही अक्षरे त्यांनी हाताने काढवून घेतली, काही ठिपक्यांवरून गिरवून घेतली आणि काही कळफलकावर दाबायला लावली. नंतर तीच अक्षरे पाहताना मुलांच्या मेंदूचे निरीक्षण केले. वाचनाच्या वेळी मेंदूचा जो भाग कामास लागतो तो, हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत जागा झाला. गिरविलेल्या किंवा दाबलेल्या अक्षरांच्या बाबतीत तसा झाला नाही. हाताने काढताना मुलाचे अक्षर वेडेवाकडे येते, दर वेळी थोडे निराळे येते, आणि त्यातूनच अक्षराचे खरे रूप मनावर ठसते.

दुसरी अडचण क्रमाची. पेटीतील पुस्तिकेने अ, आ, इ, ई अशी वर्णमालेच्या ओळीने सुरुवात केली होती. उच्चारासाठी हा क्रम उत्तम, पण लेखणीसाठी कठीण. 'अ' आणि 'इ' ही देवनागरीतील अवघड वळणांची अक्षरे आहेत. आपल्याकडील प्राथमिक शिक्षक फार दिवसांपासून 'ग म भ न' असा क्रम धरीत आले आहेत, त्यात मोठे शहाणपण आहे. एक उभी दांडी आली की 'ग' येतो. त्याला आडवी रेघ जोडली की 'म' जवळ येतो. वळण थोडे बदलले की 'भ' आणि 'न'. त्याचप्रमाणे 'व', 'ब', 'क' ही एका घरची भावंडे. 'ट', 'ठ', 'ढ', 'द' ही दुसऱ्या घरची. एक वळण हाती बसले की तीन-चार अक्षरे पदरात पडतात आणि मुलाला वाटते, मला लिहिता येते. हे वाटणे मोलाचे आहे.

तिसरी गोष्ट शरीराची. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू टणक होत जातात. सात वर्षांच्या मुलाच्या मनगटात हे काम पुरे झालेले नसते. अशा हाताकडून मोठ्या माणसासारखी बारीक अक्षरांची दोन-दोन पाने मागणे म्हणजे कोवळ्या रोपाला झोपाळा बांधण्यासारखे आहे. त्यातून ही मुलगी जेवणाच्या उंच मेजाशी बसे. पाय अधांतरी, खांदे कानांपर्यंत चढलेले. पाय जमिनीला टेकले नाहीत तर पाठ स्थिर राहत नाही, पाठ स्थिर नसली तर खांदा आखडतो, आणि खांदा आखडला की तो सगळा ताण बोटांत उतरतो. अक्षर बिघडण्याचे कारण पुष्कळदा बोटांत नसून खुर्चीत असते.

आणि चौथी गोष्ट मोठी मौजेची. मुलीच्या नावात 'ल' आहे आणि आडनावात 'श' आहे. पुस्तिका हिंदी वळणाची. तिच्यातला 'ल' दांडीचा आणि आईच्या हातचा 'ल' पाकळीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली देवनागरी लिपीसंबंधी जो निर्णय काढला त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच रूपे धरली आहेत. परंतु सात वर्षांच्या मुलीला शासननिर्णय काय ठाऊक! तिला एवढेच दिसे की पुस्तकाप्रमाणे काढले तर आई हळहळते आणि आईप्रमाणे काढले तर पुस्तकाशी जुळत नाही. घरी कोंकणी, रस्त्यावर हिंदी, गोव्यातील आजीच्या पत्रात मराठी, पेटीत इंग्रजी आणि हिंदी. आम्हां कोंकणी घरांना भाषांची ही गर्दी नवी नाही. आमची मातृभाषा कोंकणी आणि विद्येची भाषा मराठी. दोन्ही आम्हांस सारख्याच जवळच्या. पण आपले स्वतःचे नाव कसे लिहावे याविषयीच मूल साशंक असले तर त्याला लेखणीचा आनंद कोठून मिळणार? तिला आम्ही सांगितले, "दोन्ही 'ल' खरे. एकाच माणसाने कधी धोतर नेसावे, कधी विजार घालावी, तसे." ती हसली. चार दिवसांतले ते तिचे सुलेखनाच्या वेळचे पहिले हसू.

तिसऱ्या दिवशी, नऊ वाजता, आम्ही पुस्तिका मिटली आणि तिला रामघाटावर घेऊन गेलो. हरसिद्धीच्या देवळावरून वाट जाते. त्या देवळापुढे मराठ्यांच्या काळातील दोन उंच दीपमाळा आहेत. त्या पाहून आम्हांस आमच्या गोव्यातील देवळांची आठवण झाली. रामघाट हा शिप्रेवरील मुख्य घाट. बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थात येथे स्नानासाठी लक्षावधी लोक येतात. मागचा सिंहस्थ २०१६ साली झाला आणि पुढचा २०२८ मध्ये येत आहे. आम्ही गेलो तेव्हा मात्र तुरळक यात्रेकरू, फुलांचे द्रोण विकणाऱ्या बाया आणि ऊन खात बसलेली चार कबुतरे एवढीच काय ती गर्दी. पायऱ्यांवर ऊन पसरले होते. आम्ही एका लोट्यात पाणी घेतले, मुलीला म्हटले, "बोट बुडव आणि या दगडावर हात पोहोचेल तेवढा मोठा 'ग' काढ."

तिने काढला. दांडी कलती आली. सवयीप्रमाणे ती दचकून म्हणाली, "मामा, हांव चुकलें!" आम्ही म्हटले, "जरा थांब." ऊन लागून दगडावरचे पाणी वाळू लागले. आधी दांडी पुसट झाली, मग वळण, आणि पाहता पाहता पायरी कोरी झाली. मुलगी टक लावून पाहत होती. कोणी रागावले नव्हते, कोणी खोडरबर मागितले नव्हते, कागद फाटला नव्हता. चूक आपली आपणच निघून गेली होती. मग तिला थांबवणे कठीण झाले. ती एका पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर ग, म, भ, न काढीत चालली. बोटांनी नव्हे, सगळ्या हाताने, खांद्यापासून. त्या सकाळी तिने दीडदोनशे अक्षरे काढली असतील. त्यांतले एकही उरले नाही, पण तिच्या हातात मात्र ती सगळी उरली.

यात आमचा नवा शोध काहीच नव्हता. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मुले प्रथम धूळपाटीवर लिहीत. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे आणि हात फिरवून पुसून टाकायचे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले तेव्हा त्यांनी खरकागदाची अक्षरे केली, ती याच तत्त्वावर: लेखणी हाती येण्याआधी अक्षराची वाट बोटांना ठाऊक व्हावी. आपल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे गावातील मुलांसाठी बालवाडी सुरू केली. परदेशी साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंतूनच त्यांनी व अनुताई वाघ यांनी साधने उभी केली. अंकपाताची कथा, पंतोजींची धूळपाटी आणि बोर्डीची बालवाडी या तिन्हींचे म्हणणे एकच आहे. शिकणाऱ्या हाताला चूक पुसून जाईल अशी जागा हवी. छापील पुस्तिकेत ती जागा नसते. तेथे प्रत्येक वाकडी रेघ पुराव्यासारखी राहते.

परंतु केवळ पुसून जाणारे अक्षर पुरेसे नाही, हे पुढच्या आठवड्यात दिसून आले. मेहुण्यांना आपल्या दिवंगत वडिलांसाठी रामघाटावर तर्पण करावयाचे होते. विधी आटोपल्यावर तेथील तीर्थपुरोहितांनी विचारले, "गाव कोणते? आडनाव कोणते?" आणि आतून कापडात बांधलेली एक लांबट वही आणविली. तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांकडे अशा वह्या असतात. कोणत्या गावचा कोणता यजमान कोणत्या साली आला, बरोबर कोण होते, मुलेबाळे कोण, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेले असते. पाने उलटता उलटता ते एका जागी थांबले. शंभर वर्षांपूर्वी मेहुण्यांचे खापरपणजोबा यात्रेस आले होते, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या.

मेहुण्यांनी वही हाती घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि त्यांचा चेहरा उतरला. लेखन मोडीत होते. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता अक्षरे जोडीत जातात. पेशव्यांचे आणि शिंद्यांचे कारभार या लिपीत चालले. उज्जयिनी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शिंद्यांची राजधानीच होती, आणि महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनी. हे कोकणातील सारस्वत घराण्यातले. म्हणजे कोकणपट्टीच्या माणसाचा हात या नगरीला नवा नव्हे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी आपल्या शाळांतून गेली आणि आज घरोघरचे जुने कागद घरच्याच माणसांना मुके झाले आहेत. आम्ही पदवीसाठी इतिहास घेतला असताना मोडीचा वर्ग केला होता, त्या बळावर अडखळत वाचू लागलो. गावाचे नाव, स्वतःचे नाव, पत्नीचे नाव, आणि शेवटी: वाटेत ताप आला होता, देवदयेने पोहोचलो.

मेहुणे गप्प झाले. ज्या गृहस्थांचे त्यांनी नावही नीट ऐकले नव्हते, त्यांचा ताप, त्यांचा सुटकेचा निःश्वास शंभर वर्षांनी त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचला होता. शेवटच्या ओळीत अक्षर जरा थरथरले होते. छापील मजकुरात ते थरथरणे उरले नसते. मग पुरोहितांनी रीतीप्रमाणे नवी नोंद केली आणि मुलीकडे पाहून मेहुण्यांस विचारले, "ही लिहिते का?" मेहुण्यांनी आमच्याकडे पाहिले. आईने काही बोलण्यासाठी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मुलगी मात्र मांडी घालून बसली, लेखणी घेतली आणि आपले नाव लिहू लागली. वेळ पुष्कळ लागला. कोणी घाई केली नाही. 'ल' पाकळीचा आला, आजी काढते तसा. शिरोरेघ शेवटी थोडी वर गेली. पुरोहितांनी वही आपल्याकडे वळविली आणि तिने लिहिलेले नाव आडनावासह मोठ्याने वाचले.

त्या क्षणी तिच्या तोंडावर जे उमटले ते आम्ही वर्गात फार थोड्या वेळा पाहिले आहे. आपण काढलेल्या रेघांतून एका अनोळखी माणसाला आपले नाव कळले, हे तिला प्रथमच प्रत्यक्ष दिसले होते. पेटीतील पुस्तिकेची पाने तिने भरली होती, पण ती कोणी वाचली नव्हती. तपासली होती, चांदण्या चिकटविल्या होत्या, क्वचित लाल खूण केली होती; वाचली मात्र नव्हती. जे कोणी वाचणार नाही ते नीट का लिहावे, हा मुलाचा न विचारलेला प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे.

समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेसाठी राखला आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर असावे, ओळी सारख्या असाव्यात, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वळण एकच राहावे, असा उपदेश त्यात आहे. आणखी एक बारकावा त्यात आहे: तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी आपल्यालाच ते दिसत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावे. म्हणजे समर्थांच्याही डोळ्यांपुढे केवळ सौंदर्य नव्हते. पुढे कधीतरी ते अक्षर वाचणारे थकलेले डोळे होते.

आता बहिणीने पेटी टाकून दिली का? नाही. टाकण्याचे कारणही नव्हते. तिने तिचा आपल्या सोयीने उपयोग करावयाचे ठरविले. ठिपक्यांची पुस्तिका कपाटात गेली. मेजाऐवजी पाटावर बसणे आणि समोर बुटके बाक, पाय जमिनीला टेकलेले. रोज वीस मिनिटे, त्यांपैकी पहिली दहा पाटीवर. चुकले की पुसावे आणि त्याविषयी बोलूच नये. उरलेली दहा कागदावर, एकच अक्षरकुटुंब, आणि शेवटी मुलीने स्वतःच सांगावे की आज माझे सर्वांत चांगले अक्षर कोणते. आई फक्त त्याच अक्षराविषयी बोलते. आणि रविवारी पोस्टकार्ड. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. मुलाच्या पहिल्या पत्राला त्याहून योग्य कागद आम्हांस तरी ठाऊक नाही. जागा थोडी, म्हणून मूल घाबरत नाही. आणि पत्ता नीट लिहिला नाही तर पत्र पोहोचत नाही, हे शिकवायला मास्तर लागत नाही.

चमत्कार काही झाला नाही. 'झ' आणि 'ळ' अजून तिला छळतात, जोडाक्षरांचा डोंगर पुढेच आहे. कधी कधी नऊ वाजता पोटही दुखते. परंतु आता ती रडत असली की आई पाटी बाजूला ठेवून तिला जवळ घेते, कारण पाटी उद्याही तेथेच असणार आहे. मेहुणे तिला कळफलकही शिकवीत आहेत, आणि ते योग्यच आहे. ज्या जगात तिला वावरायचे आहे तेथे तो लागणारच. कळफलक आणि लेखणी यांचा आम्हांस वाद दिसत नाही. झपाट्याने लिहायचे असेल तेव्हा कळफलक घ्यावा. अक्षर ओळखायला, शब्द ध्यानात ठेवायला आणि आपल्या माणसाला आपला हात दिसावा असे वाटेल तेव्हा लेखणी घ्यावी.

विद्यार्थिमित्रांनो, हे सर्व तुम्हांस सांगण्याचे कारण असे की तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या राज्या-राज्यांत लहानग्यांना अक्षरे शिकविण्याचे काम ताई-दादांच्याच अंगावर आले होते. पेटी असो वा नसो, ते काम आजही तुमच्या आवाक्यातले आहे. धाकट्याच्या हाती आधी पाटी द्या, नसेल तर ताटात रवा पसरून द्या, अंगणात काडी द्या. त्याची चूक पुसली जाऊ द्या. मग कधीतरी त्याला एक कोरे कार्ड द्या आणि त्याने लिहिलेले कोणीतरी खरोखर वाचील अशी व्यवस्था करा. मात्र तपासणीस होऊ नका, वाचक व्हा.

गेल्या आठवड्यात आमच्या मातोश्रींच्या नावे उज्जयिनीहून एक कार्ड आले. तीन ओळी होत्या: घाटावर पाणी वाढले आहे, मांजराला दोन पिल्ले झाली आहेत, आजी, तू कधी येतेस. मातोश्रींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले, मग आमच्याकडे लेखणी मागितली आणि उत्तर लिहावयास बसल्या. त्यांचे अक्षर आता मोठे झाले आहे आणि ओळी खाली उतरतात. आमच्या विद्यालयाच्या हस्तलिखित अंकाचे काम पुढील महिन्यात सुरू होत आहे. आपला लेख देण्याआधी तो घरातील एखाद्या थकल्या डोळ्यांच्या माणसाला वाचावयास द्यावा, एवढीच सर्वांस विनंती आहे.